बेताचं कापड

मराठीत ‘बेतणं’ असं एक छान क्रियापद आहे. कापडावर मापं टाकायची, खडूनं रेघा ओढायच्या आणि मग कात्री चालवायची, याला शिंपी आणि घरोघरच्या बायका ‘कापड बेतणं’ म्हणतात. ‘बेत’ म्हणजे योजना आणि ‘बेताचं’ म्हणजे जेमतेम पुरेल एवढं. या शब्दांचं आपसातलं नातं भाषेच्या जाणकारांनी ठरवावं. पण ज्या घरात परिस्थिती बेताची, त्या घरात कापड बेतताना फार विचार करावा लागतो, एवढं आपल्या आया-आज्यांना पक्कं ठाऊक होतं. ट्रंकेत जपून ठेवलेले, शिंप्याकडून परत आलेले, जुन्या लुगड्यातून निघालेले तुकडे काढायचे आणि त्यातून घरच्या घरी अंगावरचे कपडे शिवायचे, या कामाच्या इतिहासाबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

कापडाचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली, तिथपासून १९८२ च्या गिरणी संपापर्यंत पुस्तकं आहेत, अहवाल आहेत, आकडे आहेत. खादीवर तर कपाटभर साहित्य आहे. पण कापड दुकानातून घरात आलं, की इतिहासकार दाराशी थांबतो. आत गेल्यावर त्या कापडाचं काय झालं, ते किती वर्षं चाललं, एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर कसं गेलं, याचा हिशेब कागदावर कुठं सापडत नाही. तो हिशेब बायकांच्या डोक्यात होता आणि त्यांच्यातल्या अनेकींना लिहिता येत नव्हतं.

गिरण्या येण्यापूर्वी सगळं कापड हातमागाचं. धोटा हातानं फेकायचा, त्यामुळं विणकराचे हात जिथवर पोचतील तेवढाच कापडाचा पन्हा. कातण्यापासून विणण्यापर्यंत सगळं हातानं, म्हणून कापड मोलाचं. अशा कापडाला कात्री लावायची म्हणजे जोखीमच. त्यामुळं आपले जुने शिवलेले कपडे असे योजलेले दिसतात, की त्यातून चिंधीसुद्धा वाया जाऊ नये. कळीदार कुडतंच घ्या. पुढची आणि पाठची बाजू म्हणजे एक सरळ लांब पट्टी, बाह्या म्हणजे दोन चौकोनी तुकडे. घेरासाठी एक लांबट तुकडा तिरका कापला, की त्याच्या दोन कळ्या होतात. हात वर उचलता यावा म्हणून काखेत एक छोटा चौकोन बसवायचा. गळा सोडला, तर कुठंही गोल कात्री चालत नाही. आजच्या शर्टाची बाही गोलाईत कापावी लागते आणि त्या गोलाईच्या कडेनं जे उरतं ते उरतंच. जुन्या कुडत्यात असं काही उरतच नव्हतं.

चोळीच्या खणाचंही तसंच. आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात असलेलं गुळेदगुड्ड हे खणांसाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या मागांवरचे खण महाराष्ट्रात घरोघर आले. एक खण म्हणजे एका चोळीचं कापड. विणतानाच त्याचं माप ठरलेलं. पुढं हा खण ओटीत आला. सवाष्ण घरी आली, माहेरवाशीण सासरी निघाली, गरोदर बाईचं डोहाळजेवण झालं, की खण-नारळानं ओटी भरायची. म्हणजे आपल्या समाजानं बायकांच्या हाती शिवायचं कापड साठावं अशी रीतच घालून दिली होती. त्यातले काही खण अंगावर आले, काही दुसरीच्या ओटीत गेले आणि काही ट्रंकेच्या तळाशी पडून राहिले. पुढं खणाची जागा ब्लाउजपीसनं घेतली. आजही अनेक घरांत असे वीस-पंचवीस ब्लाउजपीस सापडतील. त्यांच्यावर कुणाच्या लग्नाची, कुणाच्या बारशाची आठवण असते आणि एकही साडी त्यांना जुळत नसते!

घरात आलेल्या कापडाची जन्मकथा जशी मागावर, तशी त्याची पुढची वाटचाल घरातल्या बायकांच्या हाती. नऊवारी लुगडं आधी मधोमध विरायचं, कारण बसण्या-उठण्याचा ताण तिथंच. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन्ही टोकांचे धड भाग एकमेकांना जोडायचे. याला ‘दंड घालणं’ म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी काही वर्षं चाले. त्यानंतर त्याचं जुनेर व्हायचं. त्यातल्या बऱ्या भागातून मुलीचा परकर निघे, मऊ भागातून तान्ह्या बाळाचं झबलं, कुंची आणि दुपटं. उरलेलं गोधडीत जाई. गोधडीही फाटली, की शेवटी पोतेरं. एका लुगड्यात अशी पाच-सहा आयुष्यं असायची.

बाळाला जुन्या कापडाचं झबलं घालण्याची रीत हिंदू घरांत होती तशी आम्हा मुसलमानांच्या घरांतही होती. त्यामागं श्रद्धा असेल, पण साधं कारणही आहे. अनेक वेळा धुतलेल्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, धागा मोडलेला असतो आणि ते कोवळ्या अंगाला टोचत नाही. गोधडीचंही असंच. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे आणि कडेकडेनं धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. कुठं तिला वाकळ म्हणतात, कुठं चौघडी. आमच्या फकिरांच्या अंगावर तीच गुदडी होऊन आली. ठिगळं लावलेला अंगरखा ही सूफी परंपरेत वैराग्याची खूण मानली गेली. हजरत पैगंबर आपले कपडे स्वतः शिवत आणि पादत्राणं स्वतः सांधत, असं हदीसमध्ये सांगितलं आहे. आणि आपले संत नामदेव तर शिंप्याच्याच घरातले. सुईदोऱ्याला कमी लेखू नये, ही शिकवण दोन्हीकडची आहे.

या हातशिलाईच्या जगात एकोणिसाव्या शतकात मशीन आलं. फ्रान्समधल्या थिमोनिए नावाच्या शिंप्यानं १८३० मध्ये शिलाईयंत्राचं पेटंट घेतलं, तर पोट जाईल या भीतीनं चिडलेल्या शिंप्यांनी पुढच्याच वर्षी त्याचा कारखाना मोडून टाकला. अमेरिकेत १८४६ मध्ये एलियास हाउ आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी पेटंट घेतली. सिंगर कंपनीनं १८५६ च्या सुमारास हप्त्यानं मशीन विकायला सुरुवात केली आणि शिलाईयंत्र कारखान्यातून घरात शिरलं. १८७० च्या दशकात सिंगरनं हिंदुस्थानात विक्री सुरू केली. सुरुवातीला हे मशीन शिंप्याच्या ओट्यावर दिसे. हळूहळू ते माजघरात आलं.

गांधीजी यंत्रांचे टीकाकार, पण शिलाईयंत्राला त्यांनी सूट दिली होती. १९२४ मधल्या एका प्रश्नोत्तरात त्यांनी सिंगरच्या यंत्राची गणना मोजक्या उपयुक्त शोधांत केली. पत्नीचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरनं ते तयार केलं, असंही ते म्हणाले. सिंगरचं खरं चरित्र इतकं प्रेमळ नाही, हे अभ्यासकांनी दाखवलं आहे. पण गांधीजींचा मुद्दा खरा होता. हे यंत्र बाईच्या हाताखाली चालतं, तिच्या घरात मावतं आणि तिची वीतभर कामं वाचवतं.

आपल्याकडे या मशीननं आणखी एक काम केलं. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथं शिक्षणाबरोबर शिवणकामही शिकवलं जाई. ज्या काळात विधवेला घराबाहेर पडून कमावणं अवघड होतं, त्या काळात मशीन हा अब्रूनं पोट भरण्याचा मार्ग झाला. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं ‘उषा’ हे देशी मशीन बनवलं आणि स्वातंत्र्यानंतर ते मध्यमवर्गीय घरांत पोचलं. मुलीच्या लग्नात भांड्यांबरोबर मशीन देण्याची पद्धत पडली, ती त्यानंतर.

या घरगुती शिवणाची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. जपानी कापडाची आयात थांबली, इंग्लंडचीही आटली. आपल्या गिरण्या लष्कराच्या गणवेशांत आणि तंबूंच्या कापडात गुंतल्या. व्यापाऱ्यांनी साठे केले आणि कापडाचे भाव कित्येक पट चढले. जून १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. गरिबांसाठी ‘स्टँडर्ड क्लॉथ’ नावाचं जाडंभरडं, ठरावीक दराचं कापड निघालं. बंगालात तर भीषण अन्नदुष्काळाच्या पाठोपाठ कापडाचाही दुष्काळ पडला. अंगावर धड वस्त्र नाही म्हणून बायकांना घराबाहेर पडता येईना. १९४८ च्या सुरुवातीला नियंत्रण उठवलं, तर भाव इतके भडकले की त्याच वर्षी ते पुन्हा आणावं लागलं.

त्याच युद्धात इंग्लंडमध्ये काय चाललं होतं, तेही पाहण्यासारखं आहे. तिथं १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं आणि ते १९४९ च्या मार्चपर्यंत चाललं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. आहे तेच दुरुस्त करून कसं वापरावं, हे सांगणारी पुस्तिका सरकारनं १९४३ मध्ये काढली. शिवणाचे वर्ग भरले, भिंतीवर चित्रं लागली. आज ती पुस्तिका आणि ती चित्रं संग्रहालयांत आहेत, त्यावर प्रबंध होतात. आपल्या बायकांना अशी पुस्तिका कुणी दिली नाही. तिची गरजही नव्हती. दंड कसा घालायचा हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. पण त्यामुळं झालं असं, की युद्धकाळात इंग्लंडच्या बायकांनी काय केलं ते जगाला ठाऊक आहे आणि आमच्या आज्यांनी काय केलं ते त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नाही.

स्वातंत्र्यानंतरही कापड स्वस्त झालं नाही. १९६४ मध्ये नियंत्रित कापडाची योजना आली. धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल या पाच प्रकारांचं काही कापड गिरण्यांनी ठरलेल्या दरानं द्यायचं. ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द आमच्या पिढीनं लहानपणी ऐकला, तो तिथला. लाँगक्लॉथच्या चड्ड्या, परकर, उशांचे अभ्रे घरोघर शिवले जात. दुकानात ताग्याच्या शेवटाला उरलेले तुकडे ‘कटपीस’ म्हणून स्वस्तात मिळत आणि मापाचं गणित चांगलं असलेल्या बाईला त्यात मुलाचा शर्ट दिसे.

आमच्या मोहल्ल्यात ईदच्या आधी हे गणित जोरात चाले. अब्बा एकाच ताग्यातून सलग कापड फाडून आणत, कारण सलग घेतलं की कमी लागतं. मग घरातल्या साऱ्या भावंडांना एकच छाप! भावाचा शर्ट, माझा फ्रॉक, धाकटीचं झबलं, आणि उरलेल्या तुकड्यांत टोपी. आम्ही ईदला निघालो, की कोण कोणाचं भावंड हे लांबून कळे. दिवाळीला शेजारच्या वाड्यातही वेगळं काही नसे. शेजारच्या ताई ओटीत आलेला खण घेऊन अम्मीकडे येत. “भाभी, बाहीला अपुरं पडतंय, बघा काही जमतं का.” अम्मी खण उलटसुलट करून पाही आणि म्हणे, “ताई, पाठीला जोड देते. पदराखाली दिसायचा नाही.” जोड कुठं द्यायचा म्हणजे दिसणार नाही, याचं ज्ञान हीसुद्धा एक विद्याच होती. कापडाचा उभा धागा कुठला, आडवा कुठला, गळ्याला लावायची उरेबी पट्टी तिरकीच का कापायची, छापाची फुलं उलटी होऊ नयेत म्हणून तुकडा कसा फिरवायचा, हे सगळं त्या विद्येत येई. त्यासाठी शाळा नव्हती. मोठीच्या शेजारी बसून धाकटीनं काजं करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची आणि बघत बघत शिकायचं.

पण या साऱ्याकडं फक्त कौतुकानं पाहिलं, तर इतिहास अर्धाच राहील. ठिगळ हे सगळ्यांसाठी काटकसरीचं चिन्ह नव्हतं. सूफी फकिरानं ठिगळं स्वतःहून पत्करली. गावकुसाबाहेरच्या माणसांवर ती लादली गेली. दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेलं घालायचं, नवं घालायचं नाही, लुगडं अमुकच पद्धतीनं नेसायचं, अशी बंधनं होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांशी बोलले, तेव्हा त्यांनी मुद्दाम नेसण्याच्या पद्धतीचा विषय काढला. जात ओळखू येईल अशी जुनी रीत सोडा आणि स्वच्छ राहा, असं त्यांनी सांगितलं. वस्त्र हा माणसाच्या इज्जतीचा प्रश्न असतो. म्हणून ज्यांनी आयुष्यभर उतरलेलं घातलं, त्यांच्या मुलांना दुकानातला कोरा, घडीचा शर्ट हवासा वाटला, तर त्यांना काटकसरीचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरं असं, की हे काम फुकट धरलं गेलं. शिंप्याला शिलाई मिळे. घरातल्या बाईच्या शिलाईची किंमत शून्य. घर वाचवायचं ते तिच्या डोळ्यांनी आणि पाठीनं. कंदिलाच्या उजेडात घातलेल्या टिपांचा हिशेब कुणी केला नाही. कितीतरी मुलींची शाळा सुटली ती ‘आता शिवण शीक’ या एका वाक्यानं.

मग काळ पालटला. १९६० आणि ७० च्या दशकांत टेरिलिन, टेरिकॉट आलं. ते विरत नाही, म्हणून लोक खूश झाले. पण जे विरत नाही ते मऊही होत नाही. त्याला घाम टिपता येत नाही, म्हणून ना त्याचं झबलं, ना गोधडी. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखं राहिलंच नाही. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि सुरतेत निघू लागलं. पाठोपाठ तयार कपड्यांची लाट आली. शिलाई कापडापेक्षा महाग पडू लागली आणि अख्खा शर्ट शिलाईपेक्षा स्वस्त मिळू लागला, तेव्हा घरच्या मशीनवर आधी कापडी झाकण आलं, मग फुलदाणी आली.

तरीही ही विद्या मेली नव्हती. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला, करोनाच्या टाळेबंदीत, केंद्र सरकारनं लोकांना घरच्या घरी कापडाचे मास्क करून वापरण्याचा सल्ला दिला. दुकानं बंद, शिंपी बंद. त्या आठवड्यात कितीतरी घरांतल्या फुलदाण्या खाली उतरल्या. जुन्या सुती ओढण्या, लेंग्यांचे पाय, ओटीतले ब्लाउजपीस बाहेर आले. बचत गटांच्या बायकांनी खेडोपाडी मास्क शिवून दिले. १९४३ मध्ये ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्या नाती-पणतींच्या हातांवर ७७ वर्षांनी अख्ख्या देशानं भिस्त ठेवली. साथ ओसरली आणि आपण ते पुन्हा विसरलो.

शिवणकामात आणखी एक शब्द आहे, तो मला फार आवडतो. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला ‘माया’ म्हणतात. मूल वाढेल, बाईचं अंग भरेल, तेव्हा उसवून कपडा सैल करता यावा म्हणून ही माया ठेवायची. वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवायचा, तर घेराच्या खालीही चार बोटं दुमड ठेवायची. दरवर्षी एकेक बोट सोडायचं. खाली सोडलेल्या कापडाचा रंग वरच्यापेक्षा गडद दिसे आणि त्या पट्ट्यांवरून पोर किती वाढली ते कळे. आजच्या तयार कपड्यात शिवण कडेला घट्ट मारलेली असते. आत उसवायला काही उरलेलं नसतं. अंग वाढलं, की कपडा टाकायचा.

सगळ्यांनी पुन्हा मशीनवर बसावं, असं मी म्हणणार नाही. ते होणारही नाही. पण एक गोष्ट सहज होण्यासारखी आहे. तुमच्या घरात एखादी जुनी गोधडी असेल, तर आई, आजी, मावशी, खाला, जी कुणी हयात असेल तिच्यासमोर ती पसरा. एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कापड कुणाचं, कधीचं, कुठून आलेलं. कुणाच्या लग्नातलं लुगडं, कंट्रोलचा लाँगक्लॉथ, एखाद्या ईदचा छाप, शाळेचा गणवेश. ती सांगेल ते वहीत लिहून घ्या आणि खाली तिचं नाव घाला. ज्या इतिहासाचे कागद नाहीत, त्याची कागदपत्रं आपल्या घरात घडी करून ठेवलेली आहेत. ती वाचून दाखवणारी माणसं मात्र आता थोडी उरली आहेत.